उत्कीर्णनाची हत्यारे

उत्कीर्णनाची हत्यारे : धातूचा पत्रा, लाकडी ठोकळा यांसारख्या कठीण पृष्ठावर छपाईसाठी अक्षरे वा चित्रे कोरण्याची हातहत्यारे. छपाईसाठी कोरण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. उठाव पद्धतीत न छापावयाचा भाग कोरून काढतात व उरलेल्या उंच भागास शाई लावतात. खोलगट पद्धतीत कोरलेल्या रेषेतच शाई भरून पृष्ठ पुसून घेतात आणि ओलसर कागद भारी दाबाखाली दाबून ती शाई कागदावर उचलतात. हत्याराची निवड या भेदावर अवलंबून असते.

धातूवरील हत्यारे : तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याचे प्रमुख हत्यार म्हणजे ब्युरिन ही पोलादी कोरणी. तिची कांडी चौकोनी वा शंकरपाळ्याच्या आकाराच्या छेदाची असून टोक तिरपे घासलेले असते. लाकडी मूठ तळहातात धरून कोरणी पुढे रेटतात. वळणदार रेषेसाठी हात फिरवीत नाहीत, तर वाळूने भरलेल्या चामडी उशीवर ठेवलेला पत्राच फिरवितात. कोरणी जितकी खोल जाते तितकी रेषा रुंद होते व अधिक शाई धरते. बोथट कोरणी घसरून पत्रा खराब करते, म्हणून निसणा नेहमी जवळ ठेवावा लागतो. रेषेच्या काठाशी उचकलेली बारीक कड त्रिधारी खरवडणीने काढतात, तर गुळगुळीत ओपणीने चुकीच्या उथळ रेषा दाबून बुजवितात. चूक खोल असल्यास तेवढा भाग खरवडून, पत्रा मागून ठोकून वर आणावा लागतो. टोकदार सुईने पत्र्यावर थेट ओरखडून काढलेल्या रेषांची कड मात्र मुद्दाम ठेवतात. तिच्यात शाई साठून रेषा मऊ उमटते. परंतु दाबाखाली कड लवकर झिजत असल्याने चांगले ठसे थोडेच मिळतात. अम्लरेखनात सुई केवळ पत्र्यावरील मेणाचा थर खरवडते. खोदण्याचे काम अम्ल करते.

लाकडावरील हत्यारे : तंतूंच्या दिशेने कापलेल्या फळीवर सुरी आणि गोल पटाशी यांनी काम करतात. खोडाच्या आडव्या छेदाच्या कठीण ठोकळ्यावर मात्र ब्युरिनसारख्या कोरण्या चालतात. टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) या इंग्रज कारागिराने ही दुसरी पद्धत ग्रंथचित्रणात रुजविली.

महाराष्ट्रातील उपयोग : तांब्यावर कोरण्याची कला येथे जुनी आहे. राष्ट्रकूट, शिलाहार व यादव यांचे ताम्रपट तिची साक्ष देतात. परंतु ताम्रपट वाचण्यासाठी असल्याने त्यावरील अक्षरे सुलटी असतात. छपाईसाठी ती उलटी कोरावी लागतात आणि रेषेत शाई टिकेल अशी खोली सर्वत्र राखावी लागते. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या काळात एका तांबटाने हे तंत्र आत्मसात केले. नाना फडणीस यांनी त्याच्याकडून भगवद्गीता छापून घेण्याचे योजिले होते. १८०० मध्ये नानांचे निधन झाल्यावर हे काम मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने पुढे गेले व १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली.

या पद्धतीची मर्यादाही उघड होती. प्रत्येक पृष्ठासाठी प्रत्येक अक्षर नव्याने कोरावे लागे, आणि एका चुकीने सबंध पत्रा दुरुस्तीस काढावा लागे. खिळ्यांच्या छपाईत हे श्रम वाचले. मात्र कोरणी निरुपयोगी झाली नाही, तिचे स्थान बदलले. कानस व कोरणी यांच्या साहाय्याने पोलादी कांडीच्या टोकावर एकच उलटे अक्षर कोरून ते कठीण करतात, तांब्यात ठोकून त्याचा साचा करतात आणि त्या साच्यातून हवे तितके खिळे ओततात. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या (१८६९) सुबक देवनागरी अक्षरांमागे राणोजी रावजी आरू यांची अशीच कारागिरी होती. पुढे ओतीव खिळेही मागे पडले. आता या हत्यारांचा वापर मुख्यतः मुद्राचित्रकारांच्या कार्यशाळांत आढळतो. हाताने कोरलेल्या रेषेचा जाडबारीकपणा राखणे, हे तेथील त्यांचे प्रयोजन होय.