जहाजाचे कोठार कुठे भरते?

बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणारे पिंपळी हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले गाव. ऊस, द्राक्षे, भाजीपाला आणि घरटी दुभती जनावरे, असा इथला संसार. मुंबईचा समुद्र इथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. अशा गावातल्या वाचकाने क्रूझ जहाजांच्या धंद्याची माहिती का घ्यावी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जहाजाच्या गच्चीवर सापडणार नाही, ते तळाच्या मजल्यावर, कोठारात आहे. या उद्योगाची वाढ आपण प्रवाशांच्या संख्येने मोजतो, पण ज्या किनाऱ्याला जहाज लागते तिथे पैसा किती उतरला हे त्या संख्येवरून कळत नाही. जहाज आपले अन्न, फळे, दूध, इंधन आणि दुरुस्ती कुठून घेते, त्यावर ते ठरते. महाराष्ट्राने क्रूझचा हिशेब मांडताना माणसांबरोबर मालट्रकही मोजले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे.

आधी पसारा पाहू. क्रूझ कंपन्यांची जागतिक संघटना 'क्लिया' हिच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगभरात २ कोटी ९७ लाख लोकांनी समुद्री क्रूझ केली. पुढच्या वर्षी कोरोना आला. जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वरच्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली, आणि काही आठवड्यांत जगभरची जहाजे नांगर टाकून उभी राहिली. धंदा संपला, असे तेव्हा अनेकांनी गृहीत धरले होते. पण २०२३ साली प्रवासी ३ कोटी १७ लाखांवर गेले आणि २०२४ साली ३ कोटी ४६ लाखांवर. निम्म्याहून अधिक प्रवासी उत्तर अमेरिकेतले. विमाने, हॉटेले, आगगाड्या अशा सगळ्या पर्यटनापुढे हा वाटा अजून लहानच आहे. २०२४ साली जगात आंतरराष्ट्रीय पर्यटकांच्या सुमारे १४० कोटी फेऱ्या झाल्या. तरी एवढ्या मोठ्या धक्क्यातून चार वर्षांत पूर्वीच्या पुढे जाणारा धंदा समजून घ्यायलाच हवा.

त्याची सुरुवात एका पराभवातून झाली. १९५८ नंतर जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि युरोप-अमेरिका प्रवासी जहाजांचे गिऱ्हाईक काही वर्षांत आटले. पाच दिवसांचा प्रवास काही तासांत होत असेल तर जहाजात कोण बसणार? १९६६ ते १९७२ या सहा वर्षांत फ्लोरिडातल्या मायामीभोवती नॉर्वेजियन, रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या तीन कंपन्या उभ्या राहिल्या, आणि त्यांनी हा प्रश्नच बाजूला सारला. कुठे पोहोचायचेच नसेल तर वेळेची घाई कशाला? जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण झाले. मग ते मोठे होत गेले, कारण त्याच कप्तानाच्या आणि त्याच इंजिनाच्या खर्चात जास्त खोल्या मावल्या की दर खोलीमागचा खर्च उतरतो. १९८८ मधले 'सॉव्हरिन ऑफ द सीज' सुमारे ७३ हजार टनांचे होते आणि तेव्हा लोक त्याच्याकडे डोळे विस्फारून पाहत. जानेवारी २०२४ मध्ये निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे २ लाख ४८ हजार टनांचे, ३६५ मीटर लांबीचे आहे. हे टन वजनाचे नव्हेत, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचे माप आहे. त्या मापाने ते 'टायटॅनिक'च्या पाचपटीहून मोठे. त्यावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी मावतात.

जहाजच मुक्काम ठरले की पैशाची वाटही ठरते. कार्निव्हलचे २०२४ चे उत्पन्न सुमारे २५ अब्ज डॉलर होते. त्यातला साधारण तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरचा : पेये, दुकाने, जुगार, मालिश, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली. म्हणजे तिकीट स्वस्त ठेवायचे आणि माणूस आत आला की त्याचा खिसा आतच मोकळा होईल असे पाहायचे. पुढची पायरी खासगी किनाऱ्याची. रॉयल कॅरिबियन १९८६ पासून हैतीतल्या लाबादी या कुंपणाआडच्या किनाऱ्यावर प्रवासी उतरवू लागली. बहामातले कोकोके बेट तिने २०१९ साली पाण्याच्या घसरगुंड्यांसह नव्याने सजवले. कार्निव्हलने जुलै २०२५ मध्ये ग्रँड बहामावर स्वतःचे 'सेलिब्रेशन की' उघडले. प्रवासी जमिनीवर उतरतो, पण ती जमीनही कंपनीच्याच हिशेबात असते. कंपन्यांचे कागदही फिरतीवर असतात : रॉयल कॅरिबियनचे कार्यालय मायामीत आणि नोंदणी लायबेरियात, नॉर्वेजियनची बर्म्युडात. यात बेकायदा काही नाही. पण यजमान बंदराच्या हाती काय लागते, हे विचारायला एवढे कारण पुरे.

आपल्याकडच्या जुन्या आगबोटींशी ताडून पाहिले की फरक ठसठशीत दिसतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणारी आगबोट जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जाई. बहुतेक ठिकाणी धक्का नव्हता, म्हणून बोट आत खोल पाण्यात थांबे आणि पडावातून माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या ने-आण होत. पडाववाल्याला, हमालाला, बंदरावरच्या खानावळीला प्रत्येक फेरीत काम मिळे. तो प्रवास सुखाचा होता असे मी म्हणत नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाणारी 'रामदास' बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली; त्या आठवणीने कोकणातली घरे पुढे कित्येक वर्षे हादरत राहिली. पण त्या बोटीचा धंदा प्रत्येक बंदराला थोडा थोडा वाटला जात होता. आजची मुंबई-गोवा क्रूझ संध्याकाळी निघते आणि सकाळी मुरगावला लागते. देवगड, मालवण, वेंगुर्ला रात्रीच्या अंधारात मागे पडतात.

भारतात हा धंदा अजून बाळसे धरतो आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याची आठवण देणारी 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर आली. २०१९ मध्ये जलेश कंपनीची 'कर्णिका' आली. कोरोनात दोन्ही थांबल्या आणि 'कर्णिका' अलंगच्या भंगारवाड्यात मोडली गेली. सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया' कंपनीची क्रूझ चालू आहे. त्या कंपनीचे 'एम्प्रेस' जहाज १९९० सालचे, सुमारे १,८०० प्रवाशांचे. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतच 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले, ज्याचे उद्दिष्ट २०२९ पर्यंत समुद्री क्रूझ प्रवासी वर्षाला दहा लाखांवर नेण्याचे आहे. बॅलार्ड पिअरचे ५५६ कोटी रुपयांचे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल मुंबई बंदर प्राधिकरण आणि खासगी भागीदारांनी मिळून बांधले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजे सामावण्याची त्याची क्षमता आहे.

इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. जहाज कुठल्याही बंदराला दोन प्रकारे लागते. एक, वाटेवरचा थांबा : प्रवासी सकाळी उतरतो, नाश्ता जहाजावर करून आलेला असतो, जेवायला पुन्हा जहाजावर जायचे असते, त्यामुळे मधल्या पाच-सहा तासांत तो फार तर टॅक्सी करतो आणि काही भेटवस्तू घेतो. दुसरे, जहाजाचे घर : फेरी तिथून सुरू होते, तिथेच संपते. प्रवासी आदल्या रात्री हॉटेलात राहतो आणि जहाज आपले कोठार तिथे भरते. कमाई खरी दुसऱ्यात. मुंबईला हे दुसरे स्थान मिळू शकते, कारण माणसेही इथली आणि मालही इथला.

हिशेब करून पाहा. 'आयकॉन'सारख्या जहाजावर दहा हजार तोंडे धरली तर आठवड्याला दोन लाखांहून अधिक ताटे वाढावी लागतात. 'एम्प्रेस'वर प्रवासी आणि कर्मचारी मिळून दोन हजारांच्या पुढे, म्हणजे दिवसाला सहा हजार ताटे. दहा लाख प्रवाशांचे उद्दिष्ट गाठले आणि प्रत्येकाचा मुक्काम तीन रात्रींचा धरला, तर वर्षाला नव्वद लाख ताटे होतात, कर्मचाऱ्यांची वेगळी. या ताटांतली डाळिंबे, द्राक्षे, ढोबळी मिरची, पनीर, दही, अंडी बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात पिकतात किंवा बनतात. एका रात्रीच्या गाडीने ती मुंबईत पोहोचतात.

यावर जाणकार शेतकरी लगेच म्हणेल, हा आकडा आमच्यापुढे किती? माणशी पाव लिटर धरले तरी 'एम्प्रेस'ला दिवसाला पाचेकशे लिटर दूध लागेल. या भागातल्या दूध संघांपुढे ते काहीच नाही. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि क्रूझमुळे तालुक्याचे नशीब पालटेल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. फायदा प्रमाणापेक्षा प्रतीत आहे. जहाजाला ठरल्या दिवशी, ठरल्या आकाराचा, फवारणीचा अंश मर्यादेत असलेला माल लागतो. जहाज सुटले की उरलेली पेटी परत घेता येत नाही आणि कमी पडलेली पाठवता येत नाही. ही शिस्त युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्या बागायतदाराने केव्हाच अंगी बाणवली आहे. तिला देशातच, बोटभर अंतरावर, दुसरे गिऱ्हाईक मिळू शकते. युरोपला जाणाऱ्या कंटेनरला समुद्रात तीन-चार आठवडे लागतात, तर बॅलार्ड पिअरला एक रात्र.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मोठ्या कंपन्या खरेदी एका ठिकाणाहून करतात आणि कंटेनर भरून माल जगभरच्या बंदरांना धाडतात. स्थानिक बाजारातून फक्त ताजी भाजी, तीही अडल्यावर घेतात. म्हणून तर हे आपोआप होणार नाही. बंदराच्या टर्मिनलात शीतगृह, तपासणीची सोय आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना थेट पुरवठादार म्हणून नोंदणी हवी. सीमाशुल्क कायद्यात परदेशी जाणाऱ्या जहाजाच्या कोठारासाठीच्या मालाची वेगळी सोय आहेच. विदेशी कंपन्यांसाठी २०२४ च्या अर्थसंकल्पात क्रूझच्या उत्पन्नावरची करआकारणीही सोपी झाली : एकूण जमेच्या वीस टक्के नफा मानून त्यावर कर. सवलत देताना स्थानिक खरेदीचे बोलणेही त्याच टेबलावर व्हायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

नोकऱ्यांचे काय, असे गोव्यातून आणि रत्नागिरीतून विचारले जाईल. तिथल्या कितीतरी घरांत जहाजावरच्या पगारावर कौले चढली, मुले शिकली. गोव्याच्या 'तारवटीं'साठी, म्हणजे खलाशांसाठी, मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावागावांचे कूड उभे राहिले. जहाज मिळेपर्यंत तिथे राहायचे, असा तो शिरस्ता. ही कमाई खरी आहे आणि कष्टाची आहे. सागरी कामगार करारानुसार दिवसाला किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी, म्हणजे एखाद्या दिवशी चौदा तासांपर्यंत काम करून घेता येते, तेही सलग सहा-आठ महिने घराबाहेर. पण या नोकऱ्या मुंबईच्या टर्मिनलवर अवलंबून नाहीत. वास्कोचा मुलगा विमानाने मायामीला जाऊन जहाज पकडतो. त्या पगाराचे श्रेय नव्या टर्मिनलच्या खात्यात घालणे हिशेबाला धरून होणार नाही.

आणि गर्दी वाढली म्हणजे किनाऱ्याचे भले होते, असेही नाही. इटलीच्या सरकारने २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या जुडेक्का कालव्यातून जायला बंदी घातली. अलास्कातले जुनो हे तीस-बत्तीस हजार वस्तीचे शहर. तिथे एका हंगामात सोळा लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी उतरू लागले, तेव्हा २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे असा करार करावा लागला. मालवणच्या अरुंद रस्त्यांवर आणि तिथल्या पाणीपुरवठ्यावर असा भार टाकण्याआधी याचा विचार झालेला बरा.

पाण्यावरचे पर्यटन गावाच्या हाती कसे राहते, हे पाहायला पिंपळीकराला दूर जावे लागत नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळला हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला लोक येतात. नाव मच्छीमाराची, वल्हवणारा गावातला, जेवण मासळीच्या खानावळीत. पर्यटक थोडे, पण त्यांनी खर्चलेला रुपया बहुतांशी तिथेच राहतो. त्याच जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी मार्गावरची बोट वादळात उलटून सहा जणांचा जीव गेला. टर्मिनलवर कोट्यवधी खर्च होत असताना अशा रोजच्या बोटींच्या सुरक्षेची मागणी आधी पुरी व्हावी, असे कोणी म्हटले तर ते म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

क्रूझ भारत मिशनच्या जाहीर उद्दिष्टांत प्रवासी, टर्मिनले आणि रोजगार यांचे आकडे ठळक आहेत. त्यात एक रकाना वाढवावा : दर फेरीला किती टन माल महाराष्ट्रातून चढला आणि तो कुठल्या जिल्ह्यातून आला. हंगामही जुळतो : जून ते सप्टेंबर पावसात मुंबईचे समुद्री पर्यटन थंडावते आणि ऑक्टोबरपासून पुन्हा जहाजे सुटू लागतात. बारामती-इंदापूरच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी होते ती याच सुमारास. त्या छाटणीचे घड जानेवारी ते एप्रिल उतरतात, नेमके तेव्हा, जेव्हा बॅलार्ड पिअरला जहाजे लागत असतात.