निरोगी मुलाची तपासणी

मूल आजारी पडलें कीं डॉक्टरांकडे न्यावयाचें, ही रीत आमच्या सुशिक्षित घरांतून इतकी रुळली आहे कीं, धडधाकट मुलासहि तेथें न्यावें असें कोणी म्हटल्यास घरांतील वडील मंडळी कपाळाला आंठ्या घालतात. पहिल्या दोन वर्षांतील लसी टोंचून झाल्या कीं आईबापहि निश्चिंत होतात. आमच्या मतें खरी हयगय होते ती येथूनच.

डोळ्यांचेंच उदाहरण घ्या. एका डोळ्यानें अंधुक दिसणारें मूल सहसा तक्रार करीत नाहीं. जग याहून स्वच्छ दिसतें हें त्यास ठाऊकच नसतें. दुसऱ्या डोळ्याच्या बळावर तें धांवतें, खेळतें, वाचतेंहि. इकडे मेंदू अंधुक डोळ्याकडून येणारें चित्र हळूहळू मानीनासा होतो आणि तो डोळा आळशी बनतो. सातव्या वर्षाच्या आंत हें उमगलें तर चष्मा देऊन व चांगला डोळा रोज कांहीं वेळ झांकून बहुधा काम भागतें. पुढें तें कठीण होत जातें. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षीं, अक्षरओळख नसली तरी चित्रांच्या तक्त्यावर, प्रत्येक डोळा निरनिराळा तपासावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

वजन व उंची एकदांच मोजून उपयोग नाहीं; कार्डावरील रेषा कोणीकडे चालली आहे तें पाहावयाचें. मूल पहिल्या वर्षांत जन्माच्या वजनाच्या सुमारें तिप्पट होतें, दुसऱ्या वर्षांत मात्र दोन-अडीच किलोच वाढतें. हें न कळल्यानें कित्येक माता 'कांहीं खातच नाहीं' म्हणून ताट घेऊन मुलामागें धांवतात! रेषा आडवी झाली तर मात्र कारण शोधलेंच पाहिजे. गुटगुटीतपणाचें कौतुकहि बेतानेंच करावें. तिसऱ्या वर्षापासून वर्षांतून एकदां, मुलाच्या दंडास बसेल अशा पट्ट्यानें, रक्तदाब मोजणें इष्ट. बोलणें लांबलें तर 'बापहि उशिरांच बोलला' असें न म्हणतां आधीं कान तपासावे. फिकट मुलाचें रक्त पाहावें. पांच वर्षांच्या आंत हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खालीं असणें म्हणजे रक्तक्षयच.

2013 सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडीच्या मुलांची वर्षांतून दोनदां व सरकारी शाळांतील मुलांची एकदां तपासणी योजिलेली आहे. खासगी शाळेंत जाणारीं आमचीं मुलें बहुधा त्याबाहेर राहतात. तेव्हां वाढदिवसाच्या आठवड्यांत डॉक्टरांची वेळ ठरवावी. दहाव्या व सोळाव्या वर्षीं धनुर्वात-घटसर्पाची लस असते, तीहि त्याच वेळीं विचारावी. कार्ड बरोबर न्यावें. पुष्कळ घरांत तें कोणत्या कपाटांत आहे हेंच आठवत नाहीं.