जुन्या मोटारीचे इंजिन : दुरुस्ती की निरोप?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा एखाद्या दुपारी वर्धा मार्गाच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी मोटार दिसली, तर नागपूरकरांना त्याचे नवल वाटत नाही. मालकापुढे मात्र प्रश्न उभा राहतो : इंजिनावर खर्च करावा, की गाडी मोडीत काढावी? मध्यमवर्गीय कुटुंबाची कित्येक महिन्यांची शिल्लक या उत्तरावर अवलंबून असते. म्हणूनच ते क्रमाक्रमाने शोधणे हिताचे ठरते.

आधी निदान

इंजिन तापले म्हणजे ते संपले, असे नव्हे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षे कूपनलिकेचे जड पाणी भरल्यास आत क्षारांचा थर साचतो. थर्मोस्टॅट अडकणे, पंखा बंद पडणे किंवा पाण्याचा पंप झिजणे हीही कारणे असू शकतात. या दुरुस्त्या तुलनेने अल्प खर्चाच्या असतात. परंतु तापलेली गाडी तशीच दामटल्यास सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट जळते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. तापमानाचा काटा वर सरकताच गाडी थांबवावी. रेडिएटर गरम असताना त्याचे झाकण उघडू नये.

धुराचा रंगही बरेच सांगून जातो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन प्रमाणाबाहेर जात आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि ऑइलला दुधाळ रंग आला असेल, तर त्यात पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी.

इंजिन खोलण्यापूर्वी कॉम्प्रेशन चाचणी अवश्य करून घ्यावी. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आढळल्यास त्यात थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्ह अथवा गॅस्केटमध्ये असतो.

मग हिशेब

निदानानंतर दोन गॅरेजमधून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. दुरुस्तीचा खर्च, दुरुस्तीनंतर गाडीला येणारी किंमत आणि पुढील दोन-तीन वर्षांत क्लच, टायर, ब्रेक यांवर होणारा खर्च हे तीन आकडे शेजारी मांडावेत. गतवर्षी किती पैसे घातले, हा आकडा त्यात धरू नये. तो खर्च कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही.

केवळ बाजारभावावरही निर्णय घेऊ नये. धरमपेठेहून आठवड्यातून दोनदा सीताबर्डीला जाणाऱ्या निवृत्त दांपत्याला दुरुस्त केलेली गाडी पुष्कळ वर्षे पुरेल. दररोज बुटीबोरीला कामावर जाणाऱ्यास मात्र तिचा भरवसा वाटणार नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो; नागपुरात त्या मानाने तो अधिक टिकतो. तरीही चॅसिसला गंज लागला असेल, तर इंजिनावर मोठा खर्च करणे व्यर्थ होय. सुटे भाग मिळतात की नाही, हेही पाहावे. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. अशा गाड्यांच्या बाबतीत ही चौकशी आधीच करावी.

कायद्याची बाजू

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी होऊन तिचे ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी वाढविण्यात आले. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील वाहनांना पर्यावरण करही भरावा लागतो. मुदत जवळ आली असल्यास हा खर्च हिशेबात धरणे आवश्यक आहे. इंजिनच बदलावयाचे असेल, तर नवा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात येण्यासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे रीतसर अर्ज करावा.

गाडी मोडीत काढण्याचे ठरल्यास ती नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्राकडेच द्यावी. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रामुळे नव्या वाहनाच्या नोंदणी शुल्कात आणि करात सवलत मिळू शकते. कागदपत्रांविना भंगारात दिलेली गाडी मात्र मालकाच्याच नावावर राहते व तिचा गैरवापर झाल्यास चौकशी त्याच्याच दारी येते.

जुन्या गाडीत कुटुंबाच्या अनेक आठवणी गुंतलेल्या असतात. त्यांचा मान राखावा. परंतु निर्णय मिस्त्रीचे निदान, कागदावरचे आकडे आणि घराची खरी गरज यांच्या आधारे घ्यावा. मग गाडी ठेवली काय अथवा दिली काय, पश्चात्तापाची वेळ सहसा येत नाही.