खरकट्याचे संयंत्र आणि निवडणारे हात

खानावळीचे खरकटे, बाजारातला सडका भाजीपाला ज्याचा त्याने आपल्याच आवारात जिरवावा, हा विचार नवा नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी रोज 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर तशी जबाबदारीच टाकली. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संयंत्र उभे केले. खरकटे गरम पाण्यात वाटायचे. पहिल्या टाकीत हवेवर जगणारे जिवाणू ते फोडतात, दुसऱ्या बंद टाकीत हवेविना जगणारे त्याचा मिथेन करतात. चूल पेटते, गाळ खताला जातो.

पण करवंटी, हाडूक, प्लास्टिक आत गेले की सारे तुंबते. म्हणजे निवडणे हाच यंत्राचा पहिला भाग, आणि तो आराखड्यात नसतो. हे हात कोणाचे? मुंबईत अशी काही संयंत्रे स्त्री मुक्ती संघटनेच्या कचरावेचक बायांनी चालवली. वेचणाऱ्यांत दलित स्त्रियाच जास्त. उकिरडा उपसणारी बाई झडप फिरवू लागली. तिला मजुरी मात्र कारागिराची मिळते काय?

उद्या घाटंजीत कोणी हॉटेलवाल्याने संयंत्र बसवले, तर दोन बादल्या त्याच्या स्वयंपाकघरातच, त्याच्याच माणसांनी भराव्यात. निवडायला आमच्या वस्तीतली बाई बोलावली जाते का, एवढे नगर परिषदेने पाहावे.