गिअरबॉक्स उतरवायच्या आधी अर्धा तास



सकाळी सव्वासातला फोन. "सर, गाडी विकून टाकू का?"

फोन करणारा आपल्या छोट्या व्यावसायिकांच्या बॅचमधला. नारायणगावला टोमॅटो भरतो, माळशेज घाट उतरून कल्याणला खाली करतो, येताना मिळेल तो माल. एकच ट्रक, सहाचाकी, १५ वर्षांचा. मीटर कधीच बंद पडलाय, पण त्याच्या हिशोबाने पाच-सहा लाख किलोमीटर आरामात झालेत. आठ दिवस झाले, पहिला आणि रिव्हर्स पडत नव्हता. टाकायला गेलं की कडकड आवाज. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, "गिअरबॉक्स उघडावा लागेल. ४५ हजार धरून चला, उघडल्यावर वाढू शकतात." इकडे टोमॅटोचा सीझन चालू, हप्ता १० तारखेला.

मी मेकॅनिक नाही. पण ट्रेनिंगमध्ये यायच्या आधी माझे दोन टेम्पो होते, आणि एकदा अख्खा गिअरबॉक्स खोलून घेतल्यावर कळलं होतं की आवाज प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा होता. ते पैसे गेले ते गेलेच. म्हणून मी त्याला एकच विचारलं, "इंजिन बंद करून गिअर टाकून बघितलास का?"

नव्हता बघितला.

आता हे नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचे पैसे इथेच जातात. गिअर पडत नाही म्हणजे गिअरबॉक्स गेला, असं आपण धरून चालतो. पण गिअर पडायला आधी इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटावे लागतात. ते काम क्लचचं. क्लच पूर्ण सुटत नसेल तर आतला शाफ्ट फिरतच राहतो आणि गिअर कडकडतो. यात गिअरबॉक्सची काही चूक नसते.

इंजिन बंद केलं की काहीच फिरत नाही. तेव्हा सगळे गिअर लोण्यासारखे पडले आणि इंजिन चालू केल्यावर अडले, तर संशय क्लचवर घ्यायचा. बंद इंजिनवरही अडले, तर लिव्हरचं लिंकेज किंवा खरंच गिअरबॉक्स. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच अर्धवट सुटत असेल तर रिव्हर्स सगळ्यात आधी ओरडतो. क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरी कडकडला, तर तोच इशारा.

आपल्या माणसाने अर्ध्या तासाने परत फोन केला. बंद इंजिनवर सगळे गिअर पडतात. मी म्हटलं, आता चालू इंजिनवर पेडल दोन-तीनदा मार आणि मग पहिला टाक. पडला! पेडल मारल्यावर गिअर पडतो म्हणजे हायड्रॉलिकमध्ये हवा आहे, ऑइल कमी आहे किंवा सिलिंडर गळतोय. (केबल किंवा रॉडवाल्या गाडीत हे लागू नाही, तिथे पेडलचा फ्री प्ले बघायचा.) त्याने डबी उघडली तर ऑइल तळाला. खालच्या सिलिंडरचं रबरी बूट ओलं. किट बदललं, हवा काढली. मजुरीसह २,२०० रुपये, आणि तिसऱ्या प्रहरी गाडी भरायला गेली.

गॅरेजवाला खोटारडा होता असं मात्र म्हणू नका. गाडी चालायला लागल्यावर कळलं की दुसऱ्यात खाली येताना अजूनही थोडी खरखर आहे. बाकीचे गिअर गप्प, एकच ओरडतो आणि डबल क्लच मारला की तोही शांत होतो, म्हणजे त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलीय. क्लच नीट सुटत नसताना महिनोन्‌महिने गिअर ठोकले की सिंक्रोचं हेच होतं. म्हणजे गिअरबॉक्सचं काम निघालंय हे खरं. फक्त ते आज, भर सीझनमध्ये, गाडी उभी करून करायचं नव्हतं.

बाकीच्या तक्रारी

घाटात रेस वाढते पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो: क्लच प्लेट घसरतेय. खात्री करायची तर सपाट जागी हँडब्रेक ओढा, चाकांना ओंडके लावा, पुढे-मागे माणूस उभा राहू देऊ नका. वरचा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट पकडतेय. फिरतच राहिलं तर घसरतेय. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलंत तर चांगली प्लेटही जाळाल.

आवाज असेल तर गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. पाय पेडलवर नसताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर बहुतेक गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. गाडी चालतानाच येतो आणि वेगाबरोबर वाढतो, तर मागे डिफरन्शियलकडेही बघा. रेस सोडताना-देताना 'ठक' होत असेल तर क्रॉस हलवून बघा. माझे पैसे तिथेच गेले होते.

गिअर सुटत असेल तर मात्र हिशोब बाजूला ठेवा. फाउंडेशन ढिलं असेल, लिंकेज असेल, आतला फोर्क किंवा दात झिजले असतील, कारण काहीही असो. भरलेली गाडी माळशेजच्या उतारावर न्यूट्रल झाली की इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार फूट ब्रेकवर. तो ट्रक त्या दिवशी घाटात घालायचा नाही. भाडं गेलं तर जाऊ दे.

आणि गिअर ऑइल. गाडी सपाट जागी लावून लेव्हल प्लग उघडा. जुन्या गाड्यांचं ऑइल सीलमधून झिरपतं आणि वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. बदलताना निथळलेलं ऑइल फेकू नका, ट्रेमध्ये उजेडात धरा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लेप असतो, तो चालतो. पितळेसारखी चमक दिसली तर सिंक्रो झिजतायत. लोखंडाचे तुकडे निघाले तर गिअरबॉक्स उघडायलाच हवा, तिथे वाद नाही.

आता पैशांचं

समजा डिझेल, टोल, ड्रायव्हर जाऊन एका फेऱ्याला २,५०० उरतात आणि आठवड्याला चार फेरे होतात. गाडी दहा दिवस गॅरेजला म्हणजे साधारण सहा फेरे बुडाले, १५ हजार. शिवाय व्यापारी दुसरी गाडी लावतो आणि ती पुढच्या महिन्यातही लागलेली असते. हे एस्टिमेटवर लिहिलेलं नसतं. म्हणून काय करायचं याच्या आधी कधी करायचं हे ठरवा.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील त्याच खेपेला बघून घ्या. उतरवायची मजुरी एकदाच लागते. सील गळत राहिलं तर नवी प्लेटही तेलाने घसरणार. एस्टिमेट कागदावर घ्या, काढलेले पार्ट परत मागा, आणि खोलल्यावर पुढचं काम फोन केल्याशिवाय करायचं नाही हे आधीच सांगा. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

आपल्या माणसाने गाडी विकली नाही. दर फेऱ्याचे ४०० रुपये तो बायकोच्या खात्यात टाकतोय, 'दुसरा गिअर' असं वहीत लिहून. काम सीझन संपल्यावर. तोपर्यंत दुसऱ्यात येताना डबल क्लच. परवा म्हणाला, ड्रायव्हरला शिकवलंय, पण तो विसरतो, म्हणून स्टिअरिंगसमोर चिठ्ठी चिकटवलीय.