प्लॅस्टिकला रंग देण्यापूर्वी…

उन्हाने फिकी पडलेली वस्तू दिसली की आपला हात आधी रंगाच्या पुडीकडे जातो. साडी असो, शाळेची रिबन असो, नाहीतर सुटीत मुले दिवसभर भिरकावतात ती प्लॅस्टिकची तबकडी असो. पुडी आणायची, पाणी उकळायचे नि वस्तू बुडवायची! सुती कापडाला हे चालून जाते, प्लॅस्टिकला नाही. पुडी वाया, गॅस वाया, आणि मुलांचा हिरमोड होतो तो वेगळाच.

कारण साधे आहे. सुती धागा पाणी पितो, म्हणून पाण्यात विरघळलेला रंग त्याच्यात शिरतो. प्लॅस्टिक पाणी पीत नाही. त्याच्यासाठी वेगळ्या जातीचे रंग आहेत. त्यांना व्यापारी ‘डिस्पर्स’ रंग म्हणतात. १९२०च्या सुमारास अ‍ॅसिटेटचे कृत्रिम रेशीम निघाले, त्याला सुताचे रंग चढेनात, तेव्हा हे रंग तयार झाले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, नुसते बारीक कण होऊन तरंगत राहतात आणि उष्णतेने प्लॅस्टिकमध्ये शिरतात. अमेरिकेत १९७५ साली एड हेड्रिक यांनी डिस्क गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले. लोखंडी टोपलीत तबकडी टाकण्याचा हा खेळ. ते खेळणारे हौशी लोक आपल्या तबकड्या घरीच याच रंगांनी रंगवतात. पण त्यांच्या चांगल्या तबकड्या पॉलियुरेथेनच्या असतात. आपल्या बाजारातली स्वस्त तबकडी बहुधा पॉलिथिनची, आणि पॉलिथिन कोणताही रंग धरत नाही.

ओळखायचे कसे?

आमच्या मोऱ्याच्या कोळीवाड्यात याला पुस्तक लागत नाही. जाळ्याचे कोणते सूत बुडते नि कोणते तरंगते, हे तिथल्या बायांना पक्के ठाऊक. नायलॉन बुडते, पॉलिथिनचे सूत तरंगते. हीच परीक्षा आपण घरी करावी. वस्तूचा नखाएवढा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात दाबून सोडा. वर आला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन समजा नि रंगाचा नाद सोडा. बादल्या, मग, डबे बहुतेक याच जातीचे. वस्तूखाली त्रिकोणात २, ४ किंवा ५ आकडा असला तरी तेच उत्तर. तुकडा तळाशी गेला तर आशा आहे. खात्री मात्र नाही, म्हणून आधी एका टोकावर करून बघा.

कोणाला कोणता रंग?

नायलॉनची दोरी किंवा लेस असेल तर लोकरीचा ‘अ‍ॅसिड’ रंग घ्या. खाण्याचा रंगसुद्धा चालतो. पाण्यात थोडा व्हिनेगर घालून मंद आचेवर अर्धा तास ठेवा. शर्टाची पांढरी बटणे बहुधा पॉलिएस्टरची. मुलीच्या फ्रॉकला जुळणारी बटणे हवी असतील तर डिस्पर्स रंग आणि उकळीच्या जवळचे पाणी लागेल. पॉलियुरेथेनची तबकडी मात्र उकळू नका, वाकडी होईल आणि मग सरळ उडायची नाही. हाताला चटका बसेल इतपत गरम पाणी पुरे. तबकडी आधी साबणाने धुऊन तेलकटपणा काढा, रंगात दोन थेंब साबण टाका, पंधरा-वीस मिनिटांनी काढून गार पाण्याने धुवा. नक्षी हवी असेल तर चिकटपट्टी लावा, तिच्याखालचा भाग पांढरा राहतो. हे रंग पारदर्शक असतात, हे लक्षात असू द्या. पिवळ्यावर निळा दिलात तर हिरवाच येणार, आणि गडद वस्तू फिकी होणार नाही.

एवढे सांभाळाच

* रंगाचे पातेले नि चमचा वेगळा ठेवा. स्वयंपाकात तो परत कधीही वापरायचा नाही.

* पूड नाकात जाऊ देऊ नका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. काही डिस्पर्स रंगांनी, विशेषतः काही निळ्या रंगांनी, अंगाला खाज सुटते.

* रंग चढावा म्हणून कोणी अ‍ॅसिटोन घालायला सांगितले तर गॅसजवळ मुळीच नको. ते भडकन पेटते.

* डबा, पाण्याची बाटली, तान्ह्या मुलाचे तोंडात जाणारे खेळणे कधीही रंगवू नका. मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून आय.एस.आय. खूण सक्तीची आहे. घरी दिलेल्या रंगाची तशी तपासणी कोण करणार?

* सुट्या, बिननावाच्या पुड्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. बेंझिडीनपासून केलेले काही रंग कर्करोगाच्या भयाने आपल्या सरकारने १९९०च्या दशकात बंद केले. रंगाची जात आणि कंपनीचे नाव छापलेली पुडीच मागा.

* उरलेले रंगाचे पाणी विहिरीजवळ किंवा खाडीत ओतू नका. थोडाच रंग कालवला म्हणजे उरतही नाही.

आणि तबकडी तरंगणारी निघाली तर? मग तिच्या मधोमध चार आण्याच्या हौसेने रंगीत चिकटपट्टीचे एक फूल लावून द्या. मुलांना ते तितकेच आवडते, आणि पातेलेही वाचते!