मार्च मॅडनेस: ६८ नावांच्या यादीत शिरायचं कसं?

ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी हा एपिसोड मजकुरात, थोडी काटछाट करून.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे रील्स तुमच्या फोनवर आले असतीलच. शेवटच्या सेकंदाला टाकलेला बॉल, बेंचवरून धावत सुटलेली पोरं, स्टँडमध्ये रडणारे फॅन्स. यालाच मार्च मॅडनेस म्हणतात. पण मला विचाराल तर खरा जीव टांगणीला लागतो तो याच्याही आधी, एका रविवारी. त्याला म्हणतात सिलेक्शन संडे. त्या संध्याकाळी टीव्हीवर ६८ टीम्सची नावं जाहीर होतात आणि बाकीचे आपापल्या हॉलमध्ये स्क्रीनकडे बघत बसलेले असतात.

आता हा घोळ मुळात होतो का? कारण डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या साडेतीनशेहून जास्त टीम्स आहेत आणि एका सीझनमध्ये एक टीम साधारण तीसेक मॅचेस खेळते. सगळे सगळ्यांशी भिडणं शक्यच नाही. त्यामुळे आयपीएलसारखं एकच पॉइंट्स टेबल काढून वरचे ६८ घ्या, असं करता येत नाही.

मग दोन दरवाजे ठेवलेत. पहिला सरळ आहे. आपल्या कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या लीगची, शेवटची स्पर्धा जिंका आणि आत या. २०२५ मध्ये अशा ३१ जागा होत्या. उरलेल्या ३७ जागा एक कमिटी भरते, त्यांना ॲट-लार्ज म्हणतात. कमिटीत १२ जण: कॉलेजांचे क्रीडाप्रमुख आणि लीग्सचे कमिशनर.

पहिल्या दरवाजाची गंमत अशी, की सीझनभर रडतखडत खेळलेली टीमसुद्धा चार-पाच दिवसांत नशीब पालटू शकते. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटने पाच दिवसांत पाच मॅचेस जिंकून एसीसीची स्पर्धा मारली आणि पुढे थेट फायनल फोर गाठलं. पण अशी एक अनपेक्षित टीम आत आली की काठावरची एक टीम बाहेर ढकलली जाते. फॅन्स याला ‘जागाचोरी’ म्हणतात, आणि चोरी कोणाच्या घरी झाली हे शेवटपर्यंत कळत नाही.

आता दुसरा दरवाजा. खरी भांडणं इथेच. कमिटीसमोर प्रत्येक टीमचा एक कागद असतो. त्यावर ‘नेट’ नावाची रँकिंग असते. २०१८-१९ च्या सीझनपासून ती वापरात आली, त्याआधी आरपीआय होती. नेटवरून तुमच्या मॅचेसचे चार गट पडतात, त्यांना क्वाड्रंट म्हणतात. पहिल्या गटात कठीण मॅचेस: घरी खेळताना समोरची टीम पहिल्या ३० मधली हवी, तटस्थ कोर्टवर पहिल्या ५० मधली, आणि दुसऱ्याच्या घरी पहिल्या ७५ मधली. म्हणजे बाहेर जाऊन जिंकण्याला जास्त मान. इथपर्यंत मला काहीच खटकत नाही.

खटकतं ते पुढे. कठीण मॅचेस जिंका, हे ठीक. पण त्या मिळणार कोणाला? एसईसीसारख्या बड्या लीगमध्ये जवळपास दर आठवड्याला अशी संधी दारात येते. दोन हरल्या, तरी तिसरी आहेच. २०२५ मध्ये या लीगच्या १६ पैकी १४ टीम्स आत गेल्या, हा विक्रम आहे. छोट्या लीगमधल्या चांगल्या टीमचं काय? लीगमधल्या बहुतेक टीम्स नेटमध्ये खाली. बडी कॉलेजेस तिच्या हॉलमध्ये खेळायला येत नाहीत. का येतील? जिंकलं तर कौतुक नाही, हरलं तर नाचक्की.

याचं उदाहरण म्हणजे इंडियाना स्टेट. लॅरी बर्डचं कॉलेज. १९७९ च्या फायनलमध्ये याच टीमसमोर मॅजिक जॉन्सनची मिशिगन स्टेट होती. २०२४ मध्ये या टीमने २८ मॅचेस जिंकल्या, फक्त ६ हरल्या. नेटमध्ये पहिल्या तीसात. त्यांचा सेंटर रॉबी अविला, गॉगल घालून खेळणारा, पास असे द्यायचा की बघत राहावं. बाहेर जाऊन ते अलाबामा आणि मिशिगन स्टेटशी खेळले, हरले. मग लीगच्या फायनलमध्ये ड्रेककडून ८४-८० ने हार. पहिला दरवाजा चार पॉइंट्सनी बंद झाला, दुसरा कमिटीने उघडला नाही.

दुसऱ्या वर्षी, २०२५ मध्ये, उलटं घडलं. नॉर्थ कॅरोलिना (वरची एनसी स्टेट नव्हे, मायकल जॉर्डनवाली) पहिल्या गटातल्या १३ मॅचेसपैकी फक्त एक जिंकली होती, तरी आत! वर कमिटीचा अध्यक्ष त्याच कॉलेजचा क्रीडाप्रमुख. नियमाप्रमाणे आपल्या टीमची चर्चा चालू असताना तो खोलीबाहेर होता, त्यामुळे घोटाळा झाला असं मी म्हणणार नाही. पण बाहेर राहिलेल्या वेस्ट व्हर्जिनियाकडे पहिल्या गटातले सहा विजय होते. तिथल्या गव्हर्नरने चक्क पत्रकार परिषद घेऊन चौकशी लावली! नॉर्थ कॅरोलिनाने पहिली मॅच ९५-६८ ने जिंकली, तेव्हा ‘बघा, निवड बरोबरच होती’ म्हणणारे उगवले. अरे, सीझनमध्ये काय कमावलं यावर जागा द्यायची ना? नंतरच्या एका मॅचने ते कसं ठरणार? (पुढच्याच मॅचमध्ये ओल मिसने त्यांना घरी पाठवलं, ते वेगळं.)

सीडिंगचं थोडक्यात सांगतो. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ नंबर. १ विरुद्ध १६, २ विरुद्ध १५, असं. पुरुषांमध्ये १६ नंबरने १ नंबरला हरवलंय फक्त दोनदा: २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला आणि २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला. ब्रॅकेट भरत असाल तर ५ विरुद्ध १२ नीट बघा, साधारण तीनात एकदा १२ नंबर जिंकतो. तिथे बहुतेक वेळा छोट्या लीगचा दमदार चॅम्पियन असतो. आणि ८ नंबर मिळाला म्हणून खूश होऊ नका. पहिली मॅच जिंकलात की पुढे जवळजवळ नक्की १ नंबर. त्यापेक्षा १० किंवा ११ बरा. एक मजेशीर नियमही आहे. बीवाययू धार्मिक कारणासाठी रविवारी खेळत नाही, म्हणून त्यांना गुरुवार-शनिवारच्याच खणात बसवावं लागतं.

एक चांगली गोष्ट म्हणजे २०२४-२५ पासून कमिटीच्या कागदावर ‘विन्स अबव्ह बबल’ हा आकडाही आलाय. काठावरची एखादी साधारण टीम तुमच्या वेळापत्रकात खेळली असती तर तिने किती मॅचेस जिंकल्या असत्या, आणि तुम्ही त्यापेक्षा किती जास्त जिंकल्या? माझं मत विचाराल तर शेवटच्या चार-पाच जागा याच आकड्यावर द्याव्यात. तुम्हाला कोण खेळायला मिळालं, यापेक्षा जे मिळाले त्यांच्याशी तुम्ही काय केलंत, हे त्यात दिसतं.

इंडियाना स्टेटचं पुढे काय झालं? ते एनआयटी या दुय्यम स्पर्धेत गेले आणि फायनलमध्ये सीटन हॉलकडून ७९-७७ ने हरले. त्यानंतर कोच जॉश शर्ट्झ सेंट लुईसला गेले, पाठोपाठ अविलाही.